अंतराळातील जागल्या

जुन्या गावगाड्यात जागल्या नावाचा एक गावकामगार असे. रात्रीच्या प्रहरी वेशीपाशी जागावे, परक्या पावलांची चाहूल लागताच हाळी द्यावी, हे त्याचे काम. त्याच्या हाळीने गावकऱ्यांनी वेळीच कवाडे लावून घेतली म्हणजे त्याच्या जागरणाचे सार्थक होई. गावाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी पाटील-कुलकर्ण्यांची नावे नोंदली, महजर जपले, निवाडे नकलून ठेवले. जागल्याच्या वाट्याला क्वचितच एखादी ओळ आली. विज्ञानाच्या इतिहासातही काहीसे असेच घडते. दुर्बिणीने काय पाहिले हे आपण आवडीने वाचतो. तिच्या शेजारी बसून तिच्या जिवावर येणाऱ्या संकटाची चाहूल घेणाऱ्या लहानशा उपकरणाची दखल फारशी कोणी घेत नाही. कृत्रिम उपग्रहांवरील प्रारणमापक हे असे उपकरण होय. त्याच्या साठाहून अधिक वर्षांच्या इतिहासाचे काही धागे येथे जुळवून पाहावे, असा आमचा विचार आहे.

उपग्रहयुगाच्या आरंभी अंतराळाविषयी जी माहिती होती ती मुख्यत्वे बलूनमधून व अग्निबाणांतून नेलेल्या उपकरणांनी दिलेली. १९१२ साली व्हिक्टर हेस या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने बलूनमधून वर जाऊन विश्वकिरणांचा शोध लावला. जसजसे वर जावे तसतसा या किरणांचा मारा वाढतो, हे तेव्हापासून ठाऊक झाले. परंतु हा मारा विरळ होता. त्यापासून एखाद्या यंत्राला इजा व्हावी अशी धास्ती बाळगण्याचे कारण कोणास दिसत नव्हते. उपग्रहावर कणमापक ठेवावयाचा तो विश्वकिरणांचे संशोधन पुढे नेण्यासाठी. उपग्रहाच्या रक्षणासाठी नव्हे. राखणीचा विचार नंतर आला, आणि तोही एका चमत्कारिक कोड्याच्या वाटेने.

३१ जानेवारी १९५८ च्या रात्री अमेरिकेने आपला पहिला उपग्रह ‘एक्स्प्लोरर-१’ आकाशात सोडला. त्याचे वजन अवघे चौदा किलोग्रॅम. त्यात आयोवा विद्यापीठातील प्राध्यापक जेम्स व्हॅन ॲलन आणि त्यांचे विद्यार्थी जॉर्ज लुडविग यांनी सिद्ध केलेला गायगर गणक बसवला होता. या गणकाची रीत साधी आहे. वायूने भरलेल्या नळीत विद्युत्भारित कण शिरला की विजेचा एक ठोका पडतो. ठोके मोजले की कण मोजले जातात. उपग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार होती. तो जमिनीपासून सुमारे ३६० किलोमीटरपर्यंत खाली येई आणि २,५०० किलोमीटरच्या वर जाई. खालच्या टप्प्यात ठोके अपेक्षेप्रमाणे, म्हणजे सेकंदास तीसच्या आसपास पडत. वरच्या टप्प्यात मात्र गणक मधूनच गप्प होई. ठोके शून्य.

या शून्याचा अर्थ कोणास लागेना. उपग्रहावर नोंदी साठवून ठेवण्याची सोय नव्हती. तो एखाद्या श्रवणकेंद्रावरून जाई तेवढी काही मिनिटेच त्याचा आवाज कानी पडे. हाती आलेल्या तुकड्यांवरून नळी बिघडली असावी, असा संशय येणे स्वाभाविक होते. २६ मार्च रोजी सुटलेल्या ‘एक्स्प्लोरर-३’ मध्ये लुडविग यांनी एक चिमुकला फीतमुद्रक बसवला आणि प्रथमच एका संपूर्ण फेरीची सलग नोंद हाती आली. वॉशिंग्टनमधील हॉटेलच्या खोलीत रात्री उशिरापर्यंत बसून व्हॅन ॲलन यांनी ती आलेखकागदावर उतरवली. ठोके चढत जातात, मोजण्याची मर्यादा गाठतात, मग एकाएकी शून्यावर येतात. काही वेळाने पुन्हा मर्यादेवर उसळतात आणि मग उतरतात. बिघडलेले यंत्र असे शिस्तीने बिघडत नाही व शिस्तीने दुरुस्त होत नाही. इकडे आयोवात कार्ल मॅकिल्वेन यांनी तशीच एक नळी क्ष-किरणांच्या प्रखर झोतासमोर धरून पाहिली. झोत वाढवताच तीही मूक झाली. एका ठोक्यानंतर नळीला सावरण्यास जो निमिषार्ध लागतो तेवढीही उसंत मिळाली नाही, तर ठोके इतके क्षीण होतात की मोजणारी यंत्रणा त्यांची नोंदच घेत नाही. अर्थात ज्या जागी गणकाने शून्य दाखवले होते, त्या जागी कणांचा महापूर होता. १ मे १९५८ रोजी व्हॅन ॲलन यांनी हा निष्कर्ष वॉशिंग्टन येथील सभेत जाहीर केला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राने कोंडून धरलेल्या कणांच्या त्या पट्ट्यांना आज त्यांचेच नाव आहे.

या शोधाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच्या आधी, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी सुटलेल्या सोव्हिएत ‘स्पुटनिक-२’ मध्येही सर्गेई व्हेर्नोव्ह यांचे गणक होते. परंतु त्या उपग्रहाची कक्षा अशी होती की, सोव्हिएत भूमीवरून जाताना तो खालच्या उंचीवर असे. कणांचा खरा पूर त्याला दक्षिण गोलार्धावर उंच असताना लागे. तिथला त्याचा आवाज सोव्हिएत केंद्रांच्या कानी येत नव्हता. पुढे १५ मे १९५८ रोजी सुटलेल्या ‘स्पुटनिक-३’ वर फीतमुद्रक होता; तो ऐन वेळी चालला नाही. तरीही बाहेरच्या पट्ट्याच्या अभ्यासात व्हेर्नोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा वाटा मोलाचा ठरला. डिसेंबर १९५८ मध्ये ‘पायोनियर-३’ हे यान लाखभर किलोमीटर दूर जाऊन परतले, तेव्हा त्याच्या नोंदीत कणांची दोन निरनिराळी शिखरे दिसली. आतला पट्टा मुख्यत्वे बलवान प्रोटॉनांचा व बराचसा स्थिर. बाहेरचा इलेक्ट्रॉनांचा आणि सूर्याच्या लहरीप्रमाणे फुगणारा-ओसरणारा, असे त्यांचे रूप हळूहळू स्पष्ट झाले.

निसर्गाने मांडलेले हे संकट नीट उमगण्यापूर्वीच मनुष्याने त्यात स्वतःची भर घातली. १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात अमेरिकेने दक्षिण अटलांटिकवर उंच आकाशात तीन लहान अणुस्फोट केले. स्फोटातून निघालेले इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकून कृत्रिम पट्टा तयार होतो की काय, हे पाहावयाचे होते. तो तयार झाला, आणि त्याची मोजणी ‘एक्स्प्लोरर-४’ या उपग्रहाने केली. तो पट्टा अल्पायुषी ठरला. परंतु ९ जुलै १९६२ रोजी प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर, सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर, १.४ मेगाटन शक्तीचा ‘स्टारफिश प्राइम’ हा स्फोट झाला, त्याची कथा निराळी आहे. सुमारे १,४०० किलोमीटर दूर असलेल्या हवाई बेटांवर रस्त्यांतील दिव्यांच्या काही माळा विझल्या आणि रात्रीचे आकाश विलक्षण रंगांनी उजळले. बघ्यांना हा देखावा काही मिनिटे दिसला; उपग्रहांना मात्र त्याचे परिणाम पुढे दीर्घकाळ भोगावे लागले. स्फोटातील इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांत अडकून राहिले आणि सौर पट्ट्या झिजवू लागले. ‘ट्रान्झिट-४बी’ व ‘ट्राक’ हे अमेरिकन उपग्रह काही आठवड्यांतच निकामी झाले. ब्रिटनचा पहिला उपग्रह ‘एरियल-१’ त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्याच अग्निबाणाने वर गेला होता. त्यालाही या माऱ्याने जबर इजा झाली. मित्राने पोहोचता केलेला पाहुणा मित्राच्याच अंगणातील आतषबाजीत भाजला, असे याचे वर्णन करता येईल.

या प्रकरणातील सर्वांत बोधप्रद हकीकत ‘टेलस्टार’ ची आहे. अटलांटिकपलीकडे प्रत्यक्ष चित्रवाणी पोहोचवणारा हा उपग्रह स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी, १० जुलै १९६२ रोजी सुटला. त्याची कक्षा सुमारे ९५० पासून ५,६०० किलोमीटरपर्यंत पसरलेली, म्हणजे ऐन पुरातून जाणारी होती. बेल प्रयोगशाळेच्या दूरदृष्टीने त्याच्यावर दूरसंदेशयंत्रणेबरोबरच कणमापकही बसवले होते. प्रारणाने अर्धवाहकांची झीज किती होते हे पाहण्यासाठी काही नमुन्याचे ट्रान्झिस्टरही त्यावर होते. त्यामुळे पुराची पातळी किती चढली आहे हे टेलस्टारने आपल्या तोंडाने सांगितले, आणि त्याच पुरात तो स्वतः बुडू लागला. नोव्हेंबरात त्याने जमिनीवरून आलेल्या आज्ञा मानण्याचे सोडून दिले. अभियंत्यांनी तशाच ट्रान्झिस्टरांवर प्रयोगशाळेत प्रारणाचा मारा करून दोष नेमका हुडकला. आज्ञा-उलगडक यंत्रणेतील ट्रान्झिस्टर हतबल झाले होते. तेव्हा आज्ञांचे ठोके असे बदलून पाठवण्यात आले की दुखावलेला भाग त्यांना अडवू शकणार नाही. जानेवारी १९६३ मध्ये टेलस्टार पुन्हा बोलू लागला. फेब्रुवारीत तो कायमचा गप्प झाला.

१९६२ च्या ऑक्टोबरात सोव्हिएत संघानेही उंचावरील स्फोट करून या पट्ट्यांत भर घातली. ५ ऑगस्ट १९६३ रोजी मॉस्को येथे वातावरणात, अंतराळात व पाण्याखाली अणुस्फोट न करण्याचा करार झाला. त्यामागील मुख्य प्रेरणा जमिनीवर पडणाऱ्या किरणोत्सर्गी धुळीची होती, उपग्रहांच्या सुरक्षिततेची नव्हे, हे खरे. तथापि त्या कराराने अंतराळातील यंत्रांवरचे मनुष्यनिर्मित संकट टळले, ही गोष्ट इतिहासाने नोंदवण्यासारखी आहे. उरले ते निसर्गाचे संकट. त्याच्याशी करार करता येत नाही; त्याच्यावर नजर ठेवावी लागते.

हे संकट यंत्राला नेमके कसे ग्रासते, हे थोडक्यात सांगावयास हवे. एरवी पुढील इतिहास नीट उमजणार नाही. पहिला प्रकार झिजेचा. दिवसामासांनी साचत गेलेल्या माऱ्याने अर्धवाहकांचे गुण पालटतात आणि सौर पट्ट्यांची वीज घटते. दुसरा प्रकार एकाच घावाचा. एखादा बलवान कण स्मृतिचकतीतून आरपार जातो आणि जेथे शून्य होते तेथे एक होतो. यंत्राला न दिलेली आज्ञा ऐकू येते. तिसरा प्रकार विद्युत्भार साचण्याचा. बाहेरच्या पट्ट्यातील वेगवान इलेक्ट्रॉन यानाच्या कवचातून आत शिरून तारांच्या आवरणांत साठत राहतात आणि एक दिवस आतल्या आत ठिणगी पडते. २० जानेवारी १९९४ रोजी कॅनडाचे ‘अनिक’ मालिकेतील दोन दूरसंचार-उपग्रह काही तासांच्या अंतराने स्थिरता गमावून बसले. त्याआधी कित्येक दिवस बाहेरच्या पट्ट्यात वेगवान इलेक्ट्रॉनांचे प्रमाण चढलेले होते, हे मापकांच्या नोंदींवरून दिसून आले. एक उपग्रह काही तासांत सावरला. दुसऱ्याला ताळ्यावर आणण्यास काही महिने लागले.

यावर जाड कवच घालावे हा उपाय कोणालाही सुचेल. पण उपग्रहाच्या वजनातील प्रत्येक किलोग्रॅम वर नेण्याचे मोल पडते, आणि अतिबलवान कण बऱ्यापैकी जाड धातूलाही जुमानत नाहीत. शिवाय दुर्बिणीला सर्व बाजूंनी झाकून टाकले तर ती पाहणार कशातून? प्रकाश आत येण्यासाठी एक वाट मोकळी ठेवावीच लागते. शत्रू त्याच वाटेने आत आला तर काय होते, याचा धडा १९९९ साली मिळाला.

२३ जुलै १९९९ रोजी ‘कोलंबिया’ या अंतराळयानातून ‘चंद्रा’ ही क्ष-किरण दुर्बीण वर गेली. लाहोर येथे जन्मलेल्या सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव तिला दिलेले आहे. तिची कक्षा चंद्राच्या अंतराच्या तृतीयांशापर्यंत जाणारी. एका फेरीस सुमारे चौसष्ट तास लागत. त्यांपैकी पंचावन्न तासांपर्यंत ती पट्ट्यांच्या बाहेर राहून निर्वेध निरीक्षण करू शके. उरलेल्या वेळात तिला पट्ट्यांतून जावेच लागे. तिच्या छायापेटीत दहा संवेदक चकत्या होत्या. त्यांच्याभोवती बलवान कणांना रोखणारे भक्कम कवच होते आणि त्यासंबंधीची गणिते काळजीपूर्वक केलेली होती. यानावर जर्मनीतील कील विद्यापीठाने बनवलेला ‘एफिन’ हा कणमापकही होता. मारा वाढला की त्याने इशारा द्यावा आणि यानाने आपोआप उपकरणे सुरक्षित स्थितीत न्यावीत, अशी योजना होती. जागल्या होता, कवाड होते, भिंतही होती.

तरीही दुर्बिणीचे दार उघडून पट्ट्यांतून पहिल्या काही फेऱ्या होतात न होतात तोच दहापैकी आठ चकत्यांची तीक्ष्णता मंदावल्याचे सप्टेंबरात आढळून आले. शोध घेता कारण उघड झाले. घाव घालणारे कण बलवान नव्हतेच. ते दुबळे, म्हणजे लाखभर इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या आसपासचे प्रोटॉन होते. कवचाच्या पातळ पत्र्यानेही ते अडले असते. पण ते कवचातून आलेच नाहीत. दुर्बिणीचे आरसे क्ष-किरणांना अगदी तिरक्या कोनातून परतवून छायापेटीकडे वळवतात. त्याच गुळगुळीत पृष्ठांवरून हे दुबळे प्रोटॉनही घसरत पुढे गेले आणि नेमके छायापेटीत उतरले. बलवान कण चकतीतून आरपार निघून जातात. हे दुबळे कण चकतीच्या पोटात, जेथून चित्राचा विद्युत्भार वाहतो त्याच थरात थांबले आणि तेथील स्फटिकरचना त्यांनी खिळखिळी केली. ज्या दोन चकत्यांची पाठ प्रकाशाकडे होती, त्यांचा हा नाजूक थर खोल दडलेला असल्यामुळे त्या बचावल्या.

यातील मर्म असे की, जागल्यालाही या चोराची चाहूल लागली नव्हती. ‘एफिन’ ची रचना बलवान कण टिपण्यासाठी केलेली होती. इतके दुबळे प्रोटॉन त्याच्या नजरेत येतच नव्हते. त्याने कामात कुचराई केली असे कोणी म्हणू शकणार नाही. ज्यांच्याविषयी त्याला सांगून ठेवले होते त्यांच्यावर तो डोळा ठेवून होता. दुर्बीण जमिनीपासून हजारो किलोमीटर दूर. तेथे दुरुस्तीस कोणी जाऊ शकत नव्हते. झालेली जखम कायमची होती. उरले ते पुढची जखम टाळणे. त्यानंतर पट्टे जवळ येताच छायापेटी आरशांच्या झोतातून बाजूला सरकवून ठेवण्याचा क्रम ठरला. जखमेचा त्रास कमी व्हावा म्हणून चकत्या शून्याखाली १२० अंशांपर्यंत थंड ठेवण्यात आल्या. सूर्यावरून येणाऱ्या दुबळ्या प्रोटॉनांची वार्ता मिळवण्यासाठी पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेने सुमारे पंधरा लाख किलोमीटरवर असलेल्या ‘एस’ या दुसऱ्याच यानाच्या नोंदींवर विसंबावे लागले. पुढे वर्षे लोटली तसा ‘एफिन’ ही तापून थकू लागला. तेव्हा छायापेटीच्या स्वतःच्या नोंदींवरून माऱ्याचा अंदाज घेण्याची युक्ती काढण्यात आली. दुखावलेली छायापेटी स्वतःच स्वतःची जागल्या झाली. या साऱ्या उपायांनी पाच वर्षांसाठी योजलेली दुर्बीण पाव शतकाहून अधिक काळ आकाश पाहत राहिली.

‘चंद्रा’ ची जखम दुसऱ्या एका दुर्बिणीच्या उपयोगी पडली, हेही सांगितले पाहिजे. युरोपची ‘एक्सएमएम-न्यूटन’ ही क्ष-किरण दुर्बीण १० डिसेंबर १९९९ रोजी, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी सुटावयाची होती. तिचे आरसेही त्याच जातीचे. तिच्या छायापेटीपुढील गाळणीच्या चक्रावर एक जागा धातूच्या पत्र्याने पूर्ण बंद केलेली होती. पट्ट्यांतून जाताना ते झाकण पुढे ओढून घ्यावयाचे, हा नियम आरंभापासूनच पाळण्यात आला आणि तिच्या छायापेट्या त्या घावातून वाचल्या. एकाने ठेच खाल्ली आणि दुसरा शहाणा झाला, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली.

कधी कधी जागल्याच बळी पडतो. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘मार्स ओडिसी’ या यानावर ‘मारी’ नावाचे उपकरण होते. मंगळावर जाणाऱ्या मनुष्यास किती प्रारण सोसावे लागेल हे मोजणे एवढेच त्याचे काम. ऑक्टोबर २००३ च्या अखेरीस सूर्यावर भीषण वादळे उठली आणि २८ तारखेला त्या माऱ्यात ‘मारी’ बंद पडले. पुन्हा चालू झाले नाही. तत्पूर्वी त्याने गोळा केलेल्या नोंदी मात्र कामी आल्या. ज्या पुराची पातळी मोजावयाची त्याच पुरात उभे राहण्याचे हे काम आहे, याचे विस्मरण होऊ नये.

राखणीच्या या कामात सातत्याला किती महत्त्व असते, हे दोन उदाहरणांनी दाखवता येईल. पहिले आपल्याकडचे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ सालापासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवली जात असे. १८५९ च्या सप्टेंबरच्या आरंभी सूर्यावरून आलेल्या एका प्रचंड वादळाने सारी पृथ्वी व्यापली. चुंबकसूची अस्वस्थ झालेली पाहून कुलाब्याच्या निरीक्षकांनी काही मिनिटांच्या अंतराने वाचने घेतली. त्यात क्षैतिज चुंबकीय बल सुमारे १,६०० नॅनोटेस्लाने खाली कोसळल्याचे नोंदलेले आहे. जवळजवळ दीड शतकानंतर, २००३ साली, भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह ही नोंद जगापुढे मांडली; आणि आज उपग्रह बांधताना ‘अधिकात अधिक केवढे वादळ येऊ शकेल’ असा प्रश्न निघतो तेव्हा कुलाब्याच्या त्या वहीकडे बोट दाखवले जाते. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येऊ घातल्या तेव्हा या सूक्ष्म नोंदींत व्यत्यय येईल हे जाणून वेधशाळेचे हे काम अलिबागेस हलवण्यात आले. परंतु हलवताना १९०४ ते १९०६ ही दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे जुन्या व नव्या मापांचा मेळ बसावा.

दुसरे उदाहरण शंभर वर्षांनंतरचे. ३० ऑगस्ट २०१२ रोजी पट्ट्यांच्या अभ्यासासाठी दोन जुळी अमेरिकन याने सुटली. त्यांना पुढे व्हॅन ॲलन यांचेच नाव मिळाले. एरवी नव्या यानावरची उपकरणे सावकाश, एकामागून एक सुरू करतात. परंतु १९९२ पासून तेच काम करणारा ‘सॅम्पेक्स’ हा जुना उपग्रह लवकरच वातावरणात जळून जाणार होता. त्याच्या आणि नव्या यानांच्या नोंदी काही दिवस तरी बरोबरीने घेता याव्यात, म्हणून बलवान कण मोजणारे एक उपकरण उड्डाणानंतर लगेच सुरू करण्यात आले. त्या घाईचे फळ अनपेक्षित होते. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवसांत दोन पट्ट्यांच्या दरम्यान तिसरा पट्टा उभा राहिलेला दिसला. तो सुमारे चार आठवडे टिकला व सूर्याकडून आलेल्या एका आघाताने नाहीसा झाला. नेहमीच्या सावकाशीने काम झाले असते तर त्याचा जन्म कोणी पाहिलाच नसता. कुलाब्याहून अलिबागेस जाणाऱ्यांनी आणि या यानांच्या चालकांनी एकच नियम पाळला: नवा जागल्या उभा राहून जुन्याशी त्याची ओळख पटल्याशिवाय जुन्याने जागा सोडू नये.

आता आपल्याकडच्या एका अलीकडच्या जागल्याविषयी. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून ‘ॲस्ट्रोसॅट’ ही भारताची पहिली खगोल-वेधशाळा सुटली. जमिनीपासून सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर, विषुववृत्ताशी अवघा सहा अंशांचा कोन करून फिरणारी तिची कक्षा मुद्दाम निवडलेली होती. पृथ्वीच्या चुंबकाचा मध्य भूमध्यापासून किंचित ढळलेला असल्यामुळे दक्षिण अटलांटिक व ब्राझील यांच्यावर आतला पट्टा बराच खाली उतरतो. हबल दुर्बिणीलाही त्या टापूतून जाताना निरीक्षणे थांबवावी लागतात. विषुववृत्ताला धरून राहणारा उपग्रह त्या टापूच्या केवळ कडेला स्पर्शून जातो. पण कडही घातकच. म्हणून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ‘ॲस्ट्रोसॅट’ साठी एक कणमापक तयार केला. त्याचा गाभा म्हणजे सीझियम आयोडाइडचा लहानसा स्फटिक. त्यावर कॅप्टॉनचा पातळ पडदा. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टहून अधिक ऊर्जेचा कण आत आला की स्फटिकात प्रकाशाचा कण चमकतो आणि त्याची मोजणी होते. मोजणी ठरीव आकड्याच्या वर गेली की हा मापक इशारा देतो, आणि उच्च विद्युद्दाबावर चालणारी उपकरणे आपला दाब उतरवून घेतात. पूर ओसरला की पुन्हा इशारा, पुन्हा काम सुरू. शास्त्रज्ञांनी तपासून पाहिले तेव्हा त्या टापूत शिरल्याचा आणि बाहेर पडल्याचा इशारा तो मोठ्या भरवशाने देत असल्याचे दिसून आले. ‘ॲस्ट्रोसॅट’ ने जे शोध लावले त्यांत या मापकाचे नाव कोठेही ठळकपणे येत नाही. पण पाच वर्षांच्या संकल्पित आयुष्यानंतरही ही वेधशाळा काम करीत राहिली, त्यात या चिमुकल्या स्फटिकाचा वाटा आहेच.

२०२४ च्या ६ जानेवारीस ‘आदित्य-एल१’ हे भारतीय यान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवरील आपल्या जागी पोहोचले. त्यावर अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले सौरकणमापक आहेत. विक्रम साराभाईंनी १९४७ साली विश्वकिरणांच्या अभ्यासापासून जिचा आरंभ केला, तीच ही संस्था. सूर्याकडून येणारा लोंढा पृथ्वीपाशी पोहोचण्यापूर्वीच त्याला भेटणारी ही जागा म्हणजे गावाच्या वेशीबाहेरची चौकी होय.

हा सारा इतिहास पाहता आमच्या मनावर एक गोष्ट ठसते. राखणीतील चुका दोन प्रकारच्या असतात. एक, स्तब्धतेलाच शांतता समजणे. १९५८ सालच्या मूक गणकाने ते समजणे किती फसवे असते हे दाखवून दिले. दुसरी, ज्या चोराची ख्याती आहे त्याच्यावरच पाळत ठेवणे. १९९९ साली दुबळ्या प्रोटॉनांनी ती चूक उघडी पाडली. या दोहोंवर यंत्राने केलेली मात अशी नाही. माणसांनी आकडे पुन्हा पाहिले, संशय धरला, प्रयोगशाळेत नळी वा ट्रान्झिस्टर पुन्हा तपासला, तेव्हा उलगडा झाला. आणि यात नित्याची एक किंमतही आहे. दुर्बीण झाकून ठेवलेला प्रत्येक तास निरीक्षणाला मुकलेला असतो. त्या तासात आकाशात काही घडून गेले तर ते गेलेच. फार भित्रा जागल्या गावाला झोपू देत नाही, फार धीट जागल्या गाव लुटवतो. कोणत्या आकड्यावर दार लावावे, हा निर्णय म्हणूनच आजही माणसांनी बसून, वाद घालून घ्यावयाचा असतो.

अशा दुर्बिणींच्या नोंदी अभ्यासासाठी उघडल्या की आकड्यांबरोबर एक यादी येते: निरीक्षण विश्वासार्ह असलेल्या वेळांची. अमुक क्षणापासून अमुक क्षणापर्यंत, मग खंड, मग पुन्हा अमुकपासून. संशोधक त्या वेळा घेतात आणि पुढे जातात. मधल्या अनेक खंडांत दुर्बीण डोळे मिटून पुरातून जात होती आणि कोपऱ्यातला एक स्फटिक जागा होता.